खांदा शिकणारी मुलगी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मी मासे घेऊन सकाळच्या एस.टी.ने ओरोसला जाते. त्याच गाडीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती डोळे मिटून स्वतःच्या हातावरून बोट फिरवायची आणि एकेका स्नायूचं इंग्रजी नाव पुटपुटायची. तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर बाप तिला घरी बसवणार होता.

एकदा ती पाकीट विसरली, तेव्हा तिकिटाला पन्नासाची नोट मी दिली. ती म्हणाली, "पास झालंय की देतलंय."

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पाटी उतरवताना तिने ते पाहिलं.

"काकी, तुमचो खांदो माका शिकाक देतलात?"

मला लाज वाटली, तरी मी पदर सरकवला. चाचपून झाल्यावर ती म्हणाली, "खांदो आखडलोहा. रोज भितीर बोटां चढवा. दुखला तर थांबा."

शेजारची मासेवाली हसली, "फुकटचो डाक्टर गावलो गो तुका!"

मी घरी भिंतीवर बोटं चढवू लागले. परीक्षेनंतर मुलगी बरेच दिवस दिसली नाही. मग एका सकाळी गाडीत चढली आणि पन्नासाची नोट वरच्या दांड्याला टेकवून उभी राहिली.

"घेवा, काकी."

मी डावा हात पुढे केला.

"तो न्हय. उजवो."

माझा उजवा हात दांड्यापर्यंत गेला. पैसे पुरे फिटले.