न पिणाऱ्या हवालदाराचं लिव्हर

स्लाईडवर चरबी दिसेना. मी भिंग बदललं, स्लाईड सरकवली, पुन्हा बघितलं. नाहीच. सोबतच्या कागदावर मात्र ठळक लिहिलेलं होतं, माजी सैनिक, दारूमुळे लिव्हर सिऱ्होसिस, गाठ, कॅन्सरचा संशय.

सिऱ्होसिस म्हणजे लिव्हरला आतून वण पडत जाणं. मऊ अवयव कडक आणि गाठाळ होतो, पोटात पाणी साठतं. त्या पाण्याला आपल्याकडे जलोदर म्हणतात. दारूनं झालेल्या सिऱ्होसिसमध्ये बहुतेक वेळा पेशींत चरबीचे थेंब सापडतात आणि गाठी बारीक, सारख्या आकाराच्या असतात. या माणसाच्या गाठी मोठ्या आणि ओबडधोबड होत्या. कॅन्सर होता, त्यात शंका नव्हती. सर्जननं गाठ काढता येते का ते पोट उघडून बघितलं होतं. येत नव्हती. म्हणून एक तुकडा माझ्याकडे पाठवून पोट शिवून टाकलं होतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे पेशंटचं तोंडही न बघता त्याचा आजार सांगणारा डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी सांगलीच्या एका रुग्णालयात होतो. माझी खोली मागच्या अंगाला, शवागाराला लागून. तिकडे कुणी हौसेनं येत नसे. बायको नोकरीसाठी नागपूरला, मी खानावळीत. टेक्निशियन सोडला तर दिवसभरात कुणाशी दोन शब्द बोललो नाही, असे दिवस पुष्कळ जायचे. फार एकटं वाटायचं. आणि तसं वाटतं हे सांगायलाही कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी न राहवून वॉर्डात गेलो. तातोबा हवालदार खिडकीजवळच्या खाटेवर होता. हातापायांच्या काड्या, पोट टम्म, डोळे पिवळे. शेजारच्या खाटांभोवती नातेवाइकांची गर्दी होती. याच्याजवळ कुणी नव्हतं. मी ओळख सांगितली आणि विचारलं, "तुम्ही दारू पिता का?"

तो म्हणाला, "साहेब, पिता का म्हनून इचारनारं तुमीच पयले. बाकी समद्यांनी किती पिता म्हनूनच इचारलं."

मग तो बोलत सुटला. तो माण तालुक्याकडचा, धनगराचा. फौजेत उमेदीची वर्षं गेली. दारूचा वासही सोसायचा नाही, पलटणीत त्याचा पेग दुसराच कुणी प्यायचा. पेन्शनीत आल्यावर साताऱ्याच्या कॅन्टीनमधून माजी सैनिकांना रम मिळते, तो कोटा मात्र त्यानं कधी सोडला नाही. आपल्या हक्काचं आहे, सोडायचं कसं? शिवाय त्या रानात रम म्हणजे नाणं. विहीर खणणारे रोजापेक्षा बाटलीवर खूष असायचे, अडलेलं काम बाटली दाखवली की हलायचं. म्हणून दर महिन्याला हवालदाराची पिशवी खणखणत एस्टीतून उतरायची आणि अख्खा गाव ती बघायचा. पुढं पोट फुगलं तेव्हा गावानं निदान करून टाकलं. आमच्या डॉक्टरांनी फक्त ते कागदावर उतरवलं.

घरात तो पीत नाही हे बायको हौसाबाईला माहीत होतं, पण पलटणीतलं देव जाणे, असं तीही म्हणायची. धाकटा भाऊ सोपान तर तोंडावर दारुडा म्हणायचा. सोपानला तातोबानंच लहानाचं मोठं केलं होतं. "मरायचं कुनाला चुकलंय," तातोबा म्हणाला, "पन सोपानाला तेवढं खरं कळाय पायजे बगा." त्याला दुसरं काही नको होतं.

आमचे फिजिशियन इनामदार सर. मी त्यांना गाठलं.

"सर, हा पीत नसावा."

"फौजी आहे, कॅन्टीनचा कोटा घेतो. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

"लिव्हरमध्ये दारूची खूण नाही. कावीळ बीचा व्हायरस असेल."

"ऑस्ट्रेलिया अँटीजेन केलंय की. निगेटिव्ह आहे."

ऑस्ट्रेलिया अँटीजेन म्हणजे त्या व्हायरसचा अंश. तेव्हाची चाचणी साधी होती. काचेवर जेलीसारखा पातळ थर, त्यात समोरासमोर दोन खळगे, एकात पेशंटचं रक्तजल म्हणजे सिरम, दुसऱ्यात त्या व्हायरसला ओळखणारं सिरम. करंट द्यायचा. मध्ये पांढरी रेघ उमटली तर व्हायरस आहे. पण रक्तात तो थोडाच असेल तर रेघ उमटायची नाही. तो लिव्हरमध्ये दडून बसलेला असायचा आणि आम्ही रक्तात शोधून पेशंटला घरी पाठवायचो. मी सरांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग दाखवा मला. बोलून काय उपयोग?"

ऑरसिन नावाचा एक रंग आहे. त्यानं लिव्हरच्या पेशीतला हा अँटीजेन रंगवता येतो, अशी पद्धत जपानमधून नुकतीच आली होती. मुंबईतल्या एका वर्गमित्राकडून मी त्याची छोटी बाटली मागवली. पहिले प्रयत्न फसले, सगळी स्लाईड एकसारखी तपकिरी व्हायची. टेक्निशियननं हात टेकले. माझं डोकं फिरलं होतं, पण नाद सोडवेना. रंग ताजा बनवून, आम्लाचं प्रमाण बदलून बघितलं. आणि एका दुपारी कॅन्सरच्या गाठीशेजारच्या पेशी दिसल्या. फिक्या पेशींच्या घोळक्यात मधूनच एखादी गडद तपकिरी भरलेली. मी खुर्चीतून उठलो. आनंद सांगावा असं खोलीत कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा बसून तेच बघत राहिलो.

इनामदार सर मागच्या अंगाला आले. बराच वेळ भिंगातून बघितलं. "कागद दुरुस्त करतो," एवढंच म्हणाले. मोठा माणूस.

उपचार काही नव्हता. पण तातोबाला सांगितलं तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. म्हणाला, सोपानाला तुमीच सांगा. मी सोपानला आणि हौसाबाईला बोलावून सगळं समजावलं. हा दारूचा रोग नाही. रक्तात शिरलेला जंतू आहे, लिव्हरमध्ये लपून वर्षानुवर्षं राहतो. कुठून आला सांगता येत नाही, कदाचित पलटणीत एकाच सुईनं रांगेत इंजेक्शनं दिली त्यातून. त्यांचा वस्तरा दुसऱ्यानं वापरू नका, जखमेचं रक्त हाताला लागू देऊ नका. एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं काही होत नाही. घरच्यांचं रक्तही तपासायला घेतलं. रेघ कुणाच्याच रक्तात उमटली नाही. त्या चाचणीवर माझा भरवसा नव्हता, पण दुसरी नव्हती.

इथं माझं काम संपलं, असं मला वाटलं.

त्याआधी सोपान भावाला शिव्या घालत यायचा, पण बगलेत हात घालून त्याला संडासापर्यंत न्यायचा. आता तो दारातूनच चौकशी करायला लागला, तोंडाला रुमाल लावून. हौसाबाई डबा खाटेवर न ठेवता फरशीवर ठेवायची आणि रिकामा नेताना पदरानं धरायची. वॉर्डबॉयसुद्धा लांबून वळसा घालायचा. मी पुन्हा समजावलं. त्यांनी माना डोलावल्या, आणि होतं तसंच राहिलं. शेवटी सोपाननं मला बाहेर गाठून मनातलं सांगितलं. तातोबाच्या मुलीचं, लीलाचं लग्न विट्याकडं ठरलं होतं. "बाप दारुडा असला तर पावनं चालवून घेत्यात, साहेब. घरोघरी हाय ते. रगतातला रोग कोन चालवून घील?"

हे तातोबाच्या कानावर कसं गेलं ते मला कळलं नाही. गेलं एवढं खरं.

पुढच्या आठवड्यात होणारे व्याही आजारी माणसाला बघायला म्हणून आले. फेटा, कोट, हातात केळी. सोपान नेहमीप्रमाणे दारात. मीही तिथंच होतो, कारण एव्हाना संध्याकाळी तातोबाच्या खाटेजवळ बसायची मला सवय झाली होती. वॉर्डात आम्ही दोघंच एकमेकांचे होतो म्हणा ना. व्याह्यांनी आडपडदा न ठेवता मला विचारलं, "डाक्टर, काय हाय ह्यास्नी? लागतंय का?"

मी तोंड उघडायच्या आधी तातोबा बोलला.

"त्यास्नी नगा इचारू. साहेब भला मानूस हाय, मला झाकाय बगतोय. रगतातला रोग बिग काय न्हाई. पितो मी. पलटनीपासनं पितो."

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यांनी श्वास सोडला, केळी उशाशी ठेवली आणि तंबाखूची डबी काढली.

सोपानचा चेहरा लाल झाला. "आन् मला येड्यात काढत हुतास व्हय रं? साहेबांस्नी बी फशिवलंस?" असं म्हणत तो तरातरा आत आला. आईवरून, बापावरून शिव्या देत खाटेवर भावाला खेटून बसला आणि घसरलेल्या तातोबाला बगलेत हात घालून वर ओढून घेतलं. तातोबानं डोळे मिटले. मी माझ्या खोलीत निघून आलो. मला तिथं उभं राहवेना.

दोन दिवसांनी ते त्याला गावी घेऊन गेले.

लग्नसराईत सोपान हळद न्यायला सांगलीच्या पेठेत आला होता, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे आला. तातोबा घरीच गेला, सगळे जवळ होते, शेवटचं पाणी आपण पाजलं, असं सांगितलं. लीलाचं लग्न ठरल्याप्रमाणे होणार होतं. उठताना म्हणाला, "तुमी लय झाकलंसा त्याला, साहेब. पन दारूनंच खाल्लं बगा."

"हो," मी म्हणालो.

तो गेला आणि मी पुढची स्लाईड लावली. रोगाचं नाव बरोबर काढणं हे माझं काम, आणि ते मला येत होतं. ते नाव पेशंटच्या घरी पोचल्यावर त्याचं काय होतं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत मलाही नीटसं समजलं नाही.