कोपरामागं चार बोटं

दाऊदचाचांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तीर नेमका कुठे मारायचा, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी मुंबईच्या बोटीतून नुकताच कुवेतला उतरलेला, अंगात सांगलीच्या शिंप्याने शिवलेला जाड कोट, हातात ट्रंक. मालकाच्या घराच्या फाटकात हा काटकुळा, दाढीवाला माणूस उभा होता. समोर यायचं सोडून तो माझ्या बाजूला सरकला, एक डोळा मिटला, अंगठा माझ्या बरगडीच्या रोखाने धरला आणि म्हणाला, "बसतो. पन कोट काडाया लागंल." मग साळसूदपणे माझी ट्रंक उचलून विचारलं, "चाय घेनार ना?"

त्यांची ही खोडच होती. गल्लीतून पाणी घेऊन जाणारं गाढव असो, शेजारची बकरी असो, नाही तर चौकातला पोलीस. चाचा आधी त्याच्या बाजूला जाऊन उभे राहत, डोळा मिटत आणि 'बसतो' किंवा 'नाय बसत' असा निकाल देत. एकदा खुद्द अर्बाबचाच अंदाज घेताना मी त्यांना पकडलं. अर्बाब म्हणजे आमचा मालक. मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा व्यापारी, मनाने दिलदार, खाण्याखिलवण्याचा भारी शौकीन. मी त्याचा इंग्रजी पत्रव्यवहार टाइप करायचो आणि चाचा त्याची बाग राखायचे. एकोणीसशे पन्नासच्या आसपासचे ते दिवस. तिथे अजून आपलेच रुपये चालत, आणि दापोली-गुहागरकडची मुसलमान मंडळी बाजारात भेटली की आपल्याच गावच्या एस. टी. स्टँडवर आल्यासारखं वाटे.

चाचाही तिकडच्याच एका खाडीकाठचे. लहानपणी एका कातकऱ्याबरोबर रानात भटकून धनुष्य शिकलेले. परदेशी नोकराला बंदूक कोण देणार? म्हणून कुवेतात घरांच्या छपरांना घालायला येणारा बांबू त्यांनी निवडून आणला आणि स्वतः तासून धनुष्य केलं. तिराचं टोक मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलेलं. एकदा कोंबड्यांच्या खुराड्याशी आलेला कोल्हा त्यांनी अर्बाबच्या डोळ्यांदेखत एका तिरात पाडला. तेव्हापासून अर्बाब आपल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीत, येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट ऐकवायचा. दर वेळी कोल्हा थोडा मोठा व्हायचा.

संध्याकाळी आम्ही बोरीच्या झाडाखाली बसलो की चाचा मला शिकवायला लागत. मला कुठे शिकार करायची होती? मी पाल मारायलासुद्धा दुसऱ्या कोणाला हाक मारणारा माणूस. पण त्यांचं सुरू झालं की थांबत नसे. "हरीन समोर तोंड करून हाय? नाय मारायचा. छातीचं हाड आडवं येतं. पाठमोरा हाय? नाय. पळतोय? नाय. मान वर करून कान टवकारलेत? आजिबात नाय, दोरीचा आवाज तिराच्या आधी पोचतो आन् तो हालतो. त्यानं आडवं उभं राया पायजे, आन् पुढचा पाय पुढं टाकाया पायजे. पाय पुढं गेला का कोपरामागं चार बोटं जागा उघडी पडते. तितं काळीज." आणि मग आपली चार बोटं माझ्या काखेखाली टेकवत. "तेवडीच जागा. ती दिसत नसंल तर घरी जायाचं आन् आवशीनं केलेली आमटी खायाची."

मग भाचा आला. वाळवंटात राहणाऱ्या कोणी तरी बाजारात विकायला आणलेलं हरणाचं पाडस अर्बाबने विकत घेतलं. डोळे उघडे, पण पाय धड टेकत नव्हते. चाचांनी फडक्याची वात करून त्याला शेळीचं दूध चोखवलं, थंडीत स्वतःच्या गोधडीत घेतलं. "ह्याची आवस माजी भयन झाली," म्हणाले, "म्हंजे ह्यो माजा भाचा." तेच नाव पडलं. 'भाच्या!' म्हटलं की तो बागेच्या कुठल्याही कोपऱ्यातून उड्या मारत यायचा आणि चाचांचं कोपर चाटायचा. वर्षभरात चांगला शिंगाळ झाला. मी खुबूसचा, म्हणजे तिथल्या रोटीचा, तुकडा धरला की माझ्याकडेही यायचा, पण अर्धं लक्ष मामाकडे. हे सगळं कोणत्या तरी एका जेवणासाठी चाललंय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही तो विषयच काढत नसू.

आणि तार आली. चाचांची नऊ वर्षांची लेक जुबेदा विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. ताप उतरत नव्हता, निघून या. पासपोर्ट अर्बाबकडे, त्याच्या परवानगीशिवाय पाऊल हलत नाही. मुंबईची बोट चार दिवसांनी होती, त्यानंतरची पंधरवड्याने. चाचा अर्बाबपुढे गेले. अर्बाबने तार वाचून घेतली, खरंच हळहळला, तिकीटही स्वतः काढतो म्हणाला. "फक्त परवा माझे बसऱ्याचे पाहुणे येतायत," तो म्हणाला. "त्यांना मी तुझं धनुष्य दाखवायचा शब्द दिलाय. हरीण तयार आहे. ते पाडून दे आणि सुखाने जा. नाही म्हणालास तर मला चार माणसांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग तूही माझ्याकडून काही मागू नकोस."

चाचा म्हणाले, पाळलेलं जनावर आहे, त्याला तीर चालत नाही, सुरीच लागते. ते खरंच होतं. रानातल्या शिकारीला बिस्मिल्ला म्हणून सोडलेला तीर पुरतो, पण हाताशी वाढलेल्या जनावराच्या गळ्यावरून त्यात जीव असतानाच सुरी फिरावी लागते. नाही तर ते मांस हराम. अर्बाब हसला. "मग तू असा मार की ते लगेच मरणार नाही. स्वयंपाकी सुरी घेऊन उभा राहील."

चाचा माझ्या खोलीत येऊन जमिनीवर बसले. "कुटं मारू, गजाभाव?" हा प्रश्न हा माणूस मला विचारत होता! "पोटात मारला तर ह्याचा जीव लवकर जानार नाय. सुरीला वेळच वेळ. मांस हलाल, अर्बाब खूश, पासपोर्ट हातात. काळजात मारला तर पाच-धा उड्या आन् खलास. हरीन तिरापासून लांब पळतं, ह्यो जाऊन पडंल तिकडं भितीला. स्वयंपाकी म्हातारा, पोचायचा नाय. सगळं मांस टाकाया लागंल. आन् मग माजी पोर..."

"पोटात मारा, चाचा," मी म्हटलं. पटकन म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे ती न पाहिलेली पोर होती.

"पोटात लागलेलं हरीन तू आयकलंयस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी आयकलंय," ते म्हणाले.

मग भिंतीबाहेर सोडून देऊ, मी म्हटलं. ते माझ्यावर खेकसले. "सोडून? बाहेर लोक मोटारी घेऊन, बंदुका घेऊन फिरतात. ह्यो मोटार बगितली का भाकर मागाया जाईल!" मला दुसरं काय येतं? चाचांना तसंच जाऊ द्यावं, असा मी रीतसर अर्ज टाइप केला. 'आपला आज्ञाधारक' वगैरे सगळं घालून. अर्बाबने तो कौतुकाने पाहिला, माझी पाठ थोपटली आणि टेबलावर ठेवून दिला. त्या रागाने मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. पण माझ्या रागाला विचारतो कोण?

पाहुणे आले त्या दिवशी दुपार कलल्यावर ओसरीत गालिचे पसरले, पाहुणे लोडांना टेकले, कॉफी फिरली. चाचा धनुष्य घेऊन बागेत उतरले आणि तिथेच सगळं अडलं. भाच्या त्यांच्यासमोरून हटेना. चाचा पंधरा पावलं मागे गेले, तो पंधरा पावलं मागोमाग. त्यांनी ढकलला, तो परत आला, कोपर चाटलं. पाहुणे हसायला लागले. सरळ समोर तोंड, कपाळ, छाती आणि ते दोन डोळे. आडवा म्हणून होईचना.

चाचा माझ्याकडे वळले. "बोरीखाली जाऊन हुबा ऱ्हा. खुबूस धर आन् हाक मार."

"मी? चाचा, मला नाही जमायचं."

"मारनार मी हाय. तू फकस्त हाक मार. हात जोडतो तुला."

मी बोरीखाली गेलो. खुबूस धरला. हाक मारली. "भाच्या!" भाच्याने कान वळवले, चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा हाक मारली. तो वळला. चाचांनी दोरी ओढली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. 'नाय... नाय बसत... नाय...' म्हातारा स्वयंपाकी सुरी घेऊन ओसरीच्या पायरीवर. आणि भाच्याने माझ्याकडे यायला पुढचा पाय उचलून पुढे टाकला. 'बिस्मिल्ला' मला स्पष्ट ऐकू आलं.

तीर कोपरामागे चार बोटांवर लागला. पोटात नाही. देवाशप्पथ सांगतो, लेकीचं सगळं त्या एका तिरावर असताना या माणसाने तो पोटात मारला नाही. भाच्याने एक उंच उडी घेतली. आता हा पळणार, पलीकडच्या भिंतीशी जाऊन पडणार, आणि चाचांची बोट जाणार. मी डोळे मिटून घेतले होते, पण खुरांचा आवाज लांब जाईना म्हणून उघडले. तो पळाला होता, पण चाचांकडे. धडपडत त्यांच्यापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि डोकं त्यांच्या पोटात खुपसलं.

स्वयंपाकी पायरीवरून नुकता उतरत होता. चाचांनी धनुष्य टाकलं, डाव्या हाताने भाच्याला कवटाळलं, कमरेची सुरी काढली आणि देवाचं नाव घेऊन फिरवली. त्यात अजून जीव होता. सगळं हलाल झालं. ओसरीतून 'माशाल्ला! माशाल्ला!' सुरू झालं. अर्बाब बागेत आला, चाचांच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि खिशातून पासपोर्ट काढून त्यांच्या हातात ठेवला. पासपोर्टवर रक्ताचा अंगठा उमटला.

"दुखलं म्हनून माज्याकडं आला रं," चाचा मला म्हणाले. "गजाभाव, दुखलं म्हनून माज्याकडं आला." बोटीवर पोचवायला गेलो तरी तेच. दुसरा शब्द नाही.

परत आले ते दाढी पांढरीफटक करूनच. जुबेदा भेटली होती. तिने बापाला ओळखलंही. 'अब्बा, मना काय आनलंत?' असं विचारलं आणि घाईत निघालेल्या चाचांच्या हातात काहीच नव्हतं. पुढच्या जुम्म्याच्या आत ती त्यांच्या मांडीवर गेली. घरी खाणारी तोंडं अजून चार होती, म्हणून ते परत त्याच फाटकाशी आले. अर्बाब रडला. खरंच रडला, मी पाहिलंय. आणि चाचांचं मन रमावं म्हणून त्याने मुद्दाम शोधून एक नवं पाडस आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चाचा पाडसाला खडे मारतायत! ते लुटुलुटु त्यांच्याकडे येतंय आणि हे खडे मारतायत. दूध एका भांड्यात वात सोडून ठेवत आणि स्वतः भिंतीआड लपत. कोणाला हात लावू देत नसत. अर्बाबच्या मुलांनासुद्धा हाकलत. "चाचा, वेड लागलंय का तुम्हाला?" मी ओरडलो. "लेकरू आहे ते!"

"म्हनूनच," ते म्हणाले. "ह्याला मानसाचा भ्याव शिकवतोय. भ्याव बसला का येक दिस भितीवरून उडी मारंल. आन् मोटार दिसली का पळंल."

पाडस काही शिकेना. खडा पायाशी पडला की हुंगायचं आणि पुन्हा यायचं. प्रत्येक खड्याला चाचा 'या अल्ला, माफ कर' म्हणत. एकदा नेम नको तितका बसला आणि ते लंगडायला लागलं. त्या दिवशी चाचा माझ्या खोलीत आले आणि टाइपरायटरवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. ते भाच्यासाठी रडत होते की जुबेदासाठी, मी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडे वेचून तयार.

पुढे मी कुवेत सोडलं, चाचाही वारल्याचं कळलं. मला ते आठवतात ते मात्र एकाच सकाळचे. मी खिडकी उघडली तेव्हा ते दुधाचं भांडं घेऊन बागेत शिरत होते. पाडस बोरीखाली उभं होतं. त्याने मान वर केली, कान टवकारले, चाचांना पाहिलं आणि एकदम उधळलं. थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं आणि तिथे अंग चोरून थरथरत उभं राहिलं. चाचांच्या हातातलं भांडं कलंडलं. पायांवर दूध सांडत होतं, डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं, आणि हा म्हातारा माझ्या खिडकीकडे वळून शाळेत पास झालेल्या पोरासारखा ओरडत होता, "गजाभाव! बग, बग! मना भ्याला! मना भ्याला रं!"