फरशी नको, पूलच हवा

नाशिकच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. छोटे देश बड्या सत्तांकडून बंदरं, धरणं, रस्ते कसे पदरात पाडून घेतात, हा माझा आवडता धडा. दोन बड्यांच्या मधे अडकलेल्यानं दोघांनाही झुलवत ठेवायचं, पहिल्या देकाराला कधीच होकार द्यायचा नाही, असं मी फळ्यावर खडू आपटून सांगायचो. मुलं निमूट उतरवून घ्यायची आणि मी स्वतःवरच खूश व्हायचो.

माझं गाव सुरगाण्याकडे, गुजरातच्या वेशीवर. थोरला भाऊ, दादा, तिथेच भात पिकवतो. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामधे नदी. सुट्टी संपली की वहिनी मला नदीपार पोचवायची. डोक्यावर नागलीच्या भाकरींचं गाठोडं आणि हातात माझे बूट. "भावजी, हे भिजलं तर तुमचं कालेज तुमाला आत घ्यायचं नाय," म्हणून हसायची.

गावानं पुलाची मागणी करायचं ठरवलं तेव्हा दादानं मला बोलावलं. "तू हेच शिकवतो ना? मग सांग."

मी सांगितलं. पूल द्या, नाहीतर आम्ही पलीकडच्या राज्यात जातो, असा ठराव करा. मात्रा लागू पडली. कधी न फिरकलेले साहेब आले आणि नदीवर फरशी बांधून द्यायला तयार झाले. फरशी म्हणजे बुटका पूल. पुरात बुडतो, एरवी त्यावरून गाड्या जातात.

"घेऊन टाकू," दादा म्हणाला. "पूर नसला का लय कामाची हाय."

"आत्ता फरशी घेतलीस तर पूल जन्मात मिळणार नाही," मी म्हणालो. ग्रामसभेत माझंच ऐकलं गेलं. शिकलेला होतो ना!

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत वहिनीच्या छातीत कळ आली. नदीला पूर नव्हता, कमरेइतकंच पाणी होतं. जीप पलीकडेच थांबली. दादानं आणि शेजाऱ्यांनी तिला झोळीत घालून पाण्यातून नेलं. दवाखाना येण्याआधीच ती गेली.

फरशी असती तर जीप दारात आली असती. हे मला गावात कुणीही बोलून दाखवलं नाही. पण माझ्या हट्टापायी ती गेली, हे मला ठाऊक आहे. तो धडा मी अजून शिकवतो, नोकरीच आहे. पहिल्या देकाराला कधीच होकार द्यायचा नाही, हे वाक्य मात्र तोंडातून निघत नाही.

यंदा पूल झाला. चांगला उंच, कठड्यांचा. गावानं मला बोलावून नारळ दिला. "सरांमुळं झाला," सगळे म्हणाले. दादा मागे उभा होता.

निघताना तो पोचवायला आला. हातात भाकरींचं गाठोडं होतं. त्यानंच थापलेल्या, कडा करपलेल्या. पुलाच्या तोंडाशी मी सवयीनं वाकून बूट काढायला लागलो.

"राहू दे," दादा म्हणाला. "आता पाणी लागत नाय."