येणाऱ्याचं घर

आमच्या शेजारचे म्हसकर काका स्वतःच्याच घरातल्या आतल्या खोलीत शिरताना दारावर टकटक करत. आत कोणीही नसे. आम्ही खांदा कॉलनीत नवे राहायला आलो होतो, तेव्हा मला वाटलं, आत कोणी आजारी असेल. मी हळू आवाजात विचारलं. काका म्हणाले, "कोणी नाही रे प्रकाश. पण घर उद्या दुसऱ्याचं व्हायचंय. सवय असलेली बरी."

हा दुसरा म्हणजे 'येणारा'. पनवेलला विमानतळ होणार, भाव चढणार आणि मग कोणीतरी त्यांचा फ्लॅट विकत घेणार, तो. घरात त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नसे. भिंतीला खिळा नाही, कारण येणाऱ्याला भोकं दिसतील. रंग पांढरा, कारण येणाऱ्याची आवड कोणाला ठाऊक? बाथरूमच्या नव्या टाइल्स मात्र लगेच मंजूर. "त्या वसूल होतात," काका म्हणत. त्या पांढऱ्याफेक हॉलमध्ये बसलं की मागे कोणीतरी उभं राहून आपल्या उठण्याची वाट बघतंय, असं वाटायचं. म्हणून मी पाठ भिंतीला टेकवून बसे. लगेच काका, "डोकं पुढे घे रे, तेलाचा डाग पडेल."

मी इतका भारावलो, की सुनंदानं बाल्कनीत झोपाळा मागितला तेव्हा मीही रिसेल व्हॅल्यूचं कीर्तन लावलं. ती म्हणाली, "अहो, आधी आरशात बघा. तुमची काय येईल?" दुसऱ्या दिवशी झोपाळा लागला.

काकूंचं मात्र असं काही चालत नसे. त्या अगदी ठेंगण्या, आणि स्वयंपाकाचा ओटा उंच. पाटावर उभं राहून, खांदे वर चढवून त्या भाकऱ्या थापत. "ह्यांना त्या येणाऱ्याची उंची ठाऊक आहे, माझी नाही," म्हणून हसत, आणि मग खांदा चोळत, "मरायच्या आधी एकदा तरी जमिनीवर पाय टेकवून भाकरी थापायचीय गं सुनंदा."

काकांचं उत्तर ठरलेलं. "ठेंगणा ओटा बघून गिऱ्हाईक दारातून परत जाईल. विमानतळाचं नक्की होऊ दे, पुढच्या घरात हवा तसा करू."

विमानतळाचं काही नक्की होईना. काकू एका दुपारी जेवण झाल्यावर जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेरावं उरकलं आणि काकांनी गवंडी बोलावला. उरणकडचा होता. ओट्याचा दगड उतरवता उतरवता तो म्हणाला, "काका, येवडा खाली? पोरींची भातुकली हाय काय?" काकांनी हवेत हात धरला. "हिचं कोपर इथे यायचं. इथेच कर." हात जराही हलत नव्हता. जणू खाली खरंच कोणाचं कोपर होतं.

मी आपलं वातावरण हलकं करायला म्हणालो, "काका, येणाऱ्याचं काय?"

"आता राहणारीचं बघायचं," ते म्हणाले.

नंतर दुपारी आमच्या मधल्या भिंतीतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. सावकाश, एका लयीत. सुनंदा कौतुकानं म्हणाली, "काका शिकले वाटतं." मी त्यांना भेटल्यावर तसं बोललोही. काका म्हणाले, "मला कुठे येते भाकरी? माझा डबा येतो." मग जरा जवळ सरकून, "तुम्हालाही ऐकू येतं?"

त्यानंतर त्यांनी घर विकायचा विषय काढला नाही. पण तब्येत ढासळली, लेक येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. रिक्षात बसताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "कोणी बघायला आलं तर दाखव. पण घाई करू नकोस." काका तिकडेच वारले. लेकीनं फ्लॅट विकायला काढला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं, दोघंही चांगली उंच. मी कुलूप काढलं, खिडक्या उघडू लागलो. बाई सरळ स्वयंपाकघराकडे गेल्या आणि दारातच थबकून, संकोचून मागे आल्या.

"सॉरी हं काका, आधी विचारून यायला हवं होतं. आत त्या काकूंचं अजून चाललंय. आम्ही नंतर येऊ का?"

स्वयंपाकघरात बघायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मी उघडलेल्या खिडक्याच परत लावायला लागलो. आमच्या घरी मला उगाच वाघ म्हणत नाहीत. अर्थात ते सुनंदा चिडवायला म्हणते.

"हो," मी म्हणालो, "नंतरच या. त्यांचं होऊ दे." आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.