बोराडे सरांचा कॉन्फिडन्स

सगळे उठून उभे राहिल्याशिवाय बोराडे सर वर्गात पाऊल टाकत नसत. जुळे सोलापूर भागात एका दुकानाच्या माळ्यावर त्यांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास होता. मे महिन्यातसुद्धा ते कोट घालून दारात थांबत आणि आमचं ‘गुड ईव्हनिंग सर’ पुरेसं मोठ्यानं आलं नाही तर कानाला हात लावून पुन्हा मागत. शिकवण्यापेक्षा मागण्यातच त्यांचा निम्मा तास जाई.

मी विमा कंपनीत नोकरीला. चेन्नईच्या हेड ऑफिसातून फोन आला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून मी क्लास लावला. सरांचं एक आवडतं वाक्य होतं. “आय वॉज ऑल्सो लाइक यू. नाऊ लुक ॲट मी!” आम्ही बघायचो. बघण्यासारखं काही सापडायचं नाही. एकदा मी विचारलं, “सर, ‘मी येणारच होते’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?” सर हसले. “ग्रामरच्या नादाला लागू नका मॅडम. कॉन्फिडन्स रक्तात पाहिजे!” उत्तर येत नसलं की सरांना हमखास रक्त आठवायचं.

त्याच बॅचमध्ये रेश्मा होती. माहेर सांगोल्याकडचं, नवरा बँकेत, मुलगी दुसरीत. मुलीच्या इंग्रजी शाळेतल्या बाई पालकसभेत इंग्रजीतूनच बोलायच्या. एक दिवस मुलगीच म्हणाली, “मम्मी, तू नको येऊ. पप्पांना पाठव.” ते ऐकून रेश्मा क्लासला आली होती.

पहिल्यांदाच ती बोलायला उभी राहिली. “माय डॉटर इज गोइंग इन इस्कूल,” ती म्हणाली. सरांना जणू मेजवानीच मिळाली. “इस्कूल! कुटं हाय वो बाई तुमचं इस्कूल? सांगोल्यात हाय व्हय?” त्यांनी तिचा आवाज काढून दाखवला. वर्ग खदखदला. कॉन्फिडन्स विकायला बसलेल्या माणसानं एका बाईकडचा होता नव्हता तेवढाही काढून घेतला आणि वर सर म्हणाले, “स्पोर्टिंगली घ्या.”

जिन्यात मी तिला गाठलं. “ताई, मी न्हाय येत उद्यापास्नं,” ती म्हणाली. “पोरगी म्हणती तेच खरं हाय.”

“मीही नाही येत,” मी म्हणाले. “आपण दोघीच बोलू.”

मग रोज संध्याकाळी कॉलनीतल्या रस्त्यावरून आम्ही इंग्रजीत बोलत फिरायचो. भाजीचे भाव, सासूची गुडघेदुखी, साहेबांची चिडचिड, सगळं इंग्रजीत. नियम एकच होता, वाक्य संपेपर्यंत हसायचं नाही. संपल्यावर मात्र पोट धरून हसायचो. हळूहळू चुका तेवढ्याच राहिल्या, पण तिची वाक्यं पूर्ण व्हायला लागली.

पुढच्या पालकसभेला ती स्वतः गेली. लहान मुलांचा हात पिण्याच्या पाण्याच्या नळापर्यंत पोचत नव्हता. ती उठली. “मॅडम, टॅप इज टू हाय. स्मॉल चिल्ड्रन नॉट रीच. माय डॉटर कम होम थर्स्टी.” कुणी हसलं नाही. आठवड्यात नळ खाली आला. कुणीतरी काढलेला तिच्या बोलण्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, बोराडे सरांपर्यंतही पोचला.

सरांनी लगेच क्लासबाहेर फ्लेक्स लावला. त्यावर रेश्माचा फोटो आणि खाली ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. जेमतेम चार दिवस बसलेली, हसं करून घालवलेली विद्यार्थिनी!

रेश्मा मला घेऊन थेट माळ्यावर गेली. नवी बॅच बसली होती. “सर, यू लाफ ॲट मी. आय गो होम. आय लर्न आउटसाइड. रिमूव्ह माय फोटो.”

सरांनी बॅचकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. “मॅडम, खाली जाऊन बोलू या का? मराठीत?”

“नो सर. हियर. इंग्लिश.”

सरांच्या तोंडून निघालं ते एवढंच, “ओके, ओके.”

दुसऱ्या दिवशी तिथं नवा फ्लेक्स होता. त्यावर इंटरनेटवरून उचललेली, कानाला हेडफोन लावलेली कुणी गोरी पोरगी दात दाखवत होती. मला मागे बसवून निघालेल्या रेश्मानं गाडी थांबवून तो नीट पाहिला.

“ताई, हिला सरांनी शिकवलेलं दिसत न्हाय,” ती म्हणाली. “कशी निवांत हसतीय बघा की!”