लाल धागा

किनुएच्या आईने जन्मभर कोष उकळून रेशीम काढलं. किनुए तेच रेशीम घड्या घालून पिशव्यांत भरत होती. नवरा आरमाराच्या जहाजाबरोबर बुडाला आणि ती कागोशिमाच्या आखातालगतच्या विमानतळावर पॅराशूट भरायच्या शेडमध्ये लागली. तिने भरलेली छत्री उघडली नाही, असं कधी झालं नव्हतं.

१९४५च्या वसंतात हुकूम आला. शत्रूच्या जहाजावर विमानासकट आदळायला निघालेल्या पोरांवर रेशीम वाया घालवायचं नाही. पण विमानातली बैठक टोपासारखी खोल, पॅराशूटची पिशवी मावेल अशी. पिशवीच नसेल तर पायलटचं डोकं काचेच्या खालीच राहायचं. म्हणून पिशव्यांत जुन्या घोंगड्या कोंबायच्या. छातीवरचे पट्टे तेवढे खरे, निरोपाच्या फोटोपुरते.

किनुए मुकाट्याने घोंगड्या कोंबायची. पण सेगावाचं तिला बघवेना. कॉलेजातून उचलून आणलेला पोरगा. दोनदा निघाला, दोनदा इंजिन खोकायला लागलं म्हणून परतला. मेसमध्ये पोरं टोमणे मारायची, "काय रे सेगावा, पुन्हा माहेरी?"

तिसऱ्यांदाही त्याला तेच विमान मिळालं. किनुएने त्याच्या पिशवीत खरी छत्री भरली. हवालदार ओगुमाच्या कानावर गेलं असतं तर तिची वरात थेट लष्करी पोलिसांकडे निघाली असती.

सकाळी गवतावर पिशव्या रांगेत मांडलेल्या होत्या. किनुएची नजर सेगावाच्या पिशवीवर गेली. खऱ्या छत्रीच्या पिशवीचं तोंड लाल धाग्याने टाचायचं, दोरी ओढली की तटकन तुटणाऱ्या. घोंगडीला साधा पांढरा धागा. डोक्याने सगळी लपवाछपवी केली, पण हातांनी सवयीने लाल धागाच घेतला होता!

ओगुमा रांगेच्या त्या टोकाकडून एकेक पिशवी बुटाने दाबत येत होता.

सेगावा स्वतःच्या पिशवीपाशी वाकला आणि तसाच थबकला.

"मावशी, हे काय केलंत?"

"हळू बोला, साहेब."

"मी परत यावं म्हणून?"

"परत येऊ नका हो. पण ते भंगार मध्येच बंद पडलं तर दगडासारखे तरी पडू नका."

"पडलो तर बुडेन. तिसऱ्यांदा तोंड दाखवायला येणार नाही. ही काढा."

"आता कशी काढू? आलाच तो."

सेगावाने ओगुमाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचे हात ॲप्रनमध्ये दडले होते. त्याने फतकल मारली. थेट पिशवीवर.

"उठा, साहेब. तपासायचंय," ओगुमा म्हणाला.

"काय तपासताय, हवालदार? माझी बैठक?"

"नियम आहे."

"दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा नुसत्या उठाबशा झाल्या. आता एकदा निवांत बसू द्या की."

बाजूची पोरं फसकन हसली. ओगुमाचे कान लाल झाले. क्षणभर तो तिथेच घुटमळला. मग "बसा," म्हणाला आणि पुढे सरकला.

निरोपाची साके दारू पिऊन झाली. फोटो निघाला. किनुए विमानापर्यंत पिशवी छातीशी धरून गेली, धागा आतल्या बाजूला ठेवून. सेगावा आत बसला. पिशवीचे हुक मोकळेच लोंबत होते. पट्ट्यांत अडकवल्याशिवाय छत्रीचा काही उपयोग नव्हता. ती पंखावर चढून वाकली, पण हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"मावशी, उतरा. पंखा फिरेल."

"फिरू दे."

त्याने एक हुक अडकवला. दुसरा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मग तोही खटकन बसला.

विमान डोंगरमाथ्याच्या वर चढलं, आखातावर वळलं आणि खोकलं. पुन्हा खोकलं. काळा धूर निघाला. नाक खाली गेलं. किनुएची बोटं हवेतच दोरी ओढू लागली.

आणि धुराच्या बाजूला पांढरं काहीतरी फुललं. घेरदार, कुठेही पीळ न पडलेलं.

ओगुमा हळूच वळला. "ही कोणी भरली?"

किनुएने आभाळावरची नजर काढली नाही.

"मी. नीट उघडली ना?"