बरणीतली सर्पवाम

अकोल्याच्या इंग्रजी शाळेतून मी अमरावतीच्या कॉलेजात आले. बोलायला गेले की इंग्रजी आधी बाहेर पडायचं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मग मी बोलणंच सोडलं.

दुसऱ्या वर्षी सहामाही प्रात्यक्षिकातले पहिले दोघे प्राणिशास्त्राच्या सरांबरोबर रत्नागिरीला समुद्रावर जाणार होते. मी समुद्र पाहिलेला नव्हता. मला जायचंच होतं.

परीक्षेत सातव्या नंबरला बरणीतला लांब, तपकिरी प्राणी होता. मला तो माहीत होता. गेल्या वर्षी बरणीवरची चिठ्ठी वाचली होती : सर्पवाम, समुद्रातला मासा. पण यंदा नागपंचमीला प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांनी बरणीला हळदकुंकू वाहिलं, पुढे लाह्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसताना चिठ्ठीच निघाली आणि बरणी सापांच्या कपाटात गेली. मी तिथेच होते.

"काका, तो मासा आहे."

"मासा? ताई, मले काहून शिकवून राहिल्या? शेपूट पाह्य ना त्याची!"

मी माझ्या बाकाकडे वळले. सरांना सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

पेपरात मात्र सगळं लिहिलं. खवले नाहीत, कल्ल्याचं छिद्र आहे, पाठभर पराची बारीक कड आहे. सरांनी लाल शाईनं खोडून 'साप' लिहिलं. दोन गुणांनी मी तिसरी आले.

तीन दिवस धीर गोळा करून त्यांच्या खोलीत गेले, आणि घाबरून इंग्रजीतच बोलले.

"अस्सं! साप कोणता नि मासा कोणता, हे आता कॉन्व्हेंट आम्हाला शिकवणार?"

मी हलले नाही. शेवटी त्यांनी बरणी मागवली, खिडकीशी धरली. मी काचेवर बोट ठेवून कल्ला दाखवला. त्यांनी बरणी फिरवून पाठीवरची कडही पाहिली.

"हं. मासाच आहे. पण रत्नागिरीसाठीची नावं कालच कळवली. आधी का नाही बोललात?"

बरणी माशांच्या कपाटात गेली. नवी चिठ्ठी माझ्याकडूनच लिहून घेतली. रत्नागिरीहून त्या दोघांनी मला एक शिंपला आणला. मी 'थँक्यू' म्हणाले आणि तो पेटीच्या तळाशी टाकला.

पुढच्या नागपंचमीला काका हळदकुंकू घेऊन माशांच्या कपाटाकडे निघाले.

"काका, चिठ्ठीले हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की अख्खा वर्ग वळून बघायला लागला. या वेळी कोणी हसलं नाही.